मॉस्को नगरीचे विश्वस्त : पावेल त्रेत्याकोव्ह

देवालयाच्या सभामंडपात उभे राहिले की फरशीवर, खांबांवर, समयांच्या बुडाशी आणि घंटांच्या कडांवर दात्यांची नावे कोरलेली दिसतात. कित्येक नावे हाताच्या स्पर्शाने पुसट झालेली असतात, दात्यांचे वंशजही दूरदेशी स्थायिक झालेले असतात; परंतु समई तेवत असते आणि घंटाही वाजत असते. एकाच्या मालकीची वस्तू समाजाची झाली म्हणजे तिला मालकापेक्षा अधिक आयुष्य लाभते, हा अनुभव आपल्या पूर्वजांना चांगला परिचित होता. याच जाणिवेने आपल्या सबंध आयुष्याची आखणी करणारा एक व्यापारी एकोणिसाव्या शतकात रशियातील मॉस्को शहरी होऊन गेला. जवळजवळ चाळीस वर्षे खपून जमविलेला आपला चित्रसंग्रह त्याने राहत्या घरासह नगरीला अर्पण केला. पावेल मिखाइलोविच त्रेत्याकोव्ह हे त्याचे नाव होय. मॉस्कोची त्रेत्याकोव्ह चित्रशाळा आज जगातील थोर कलासंग्रहांत गणली जाते. दानपत्र झाले ते १८९२ साली. संकल्प मात्र त्यापूर्वी बत्तीस वर्षे सोडलेला होता. संकल्प आणि दान यांमधील या बत्तीस वर्षांतच त्रेत्याकोव्हांच्या चरित्राचे मर्म साठविलेले आहे.

घराणे आणि बालपण

त्रेत्याकोव्ह घराणे मूळचे मालोयारोस्लावेत्स या लहान गावचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पावेल यांचे पणजोबा तेथून मॉस्कोस आले आणि लिननच्या कापडाचा व्यापार करू लागले. पुढील पिढ्यांनी चिकाटीने पेढीची भरभराट केली. मॉस्क्वा नदीपलीकडचा झामोस्क्वोरेच्ये हा भाग अशाच व्यापारी कुटुंबांचा होता. धर्मनिष्ठ, मितव्ययी, शब्दाला जागणारी आणि बाहेरच्या जगाशी बेताचाच संबंध ठेवणारी अशी ही माणसे होती. अशा घरात १८३२ सालच्या डिसेंबरमध्ये पावेल यांचा जन्म झाला. दोन वर्षांनी धाकटे बंधू सर्गेई जन्मास आले. या दोघा भावांचा स्नेह अखेरपर्यंत अभंग राहिला.

मुलांचे शिक्षण घरीच झाले. शाळा अथवा विद्यापीठ यांचे तोंड पावेल यांनी पाहिले नाही. लहानपणीच ते वडिलांच्या दुकानात बसू लागले. गिऱ्हाइकांना हाकारणे, माल पोहोचविणे, वहीखाते लिहिणे ही सर्व कामे त्यांनी हाताखालच्या माणसांबरोबर केली. १८४८ साली लोहितज्वराच्या साथीत त्यांची चार भावंडे दगावली. त्यानंतर दोनच वर्षांनी वडील मिखाइल झाखारोविच निवर्तले. अठराव्या वर्षाच्या आतच पावेल यांच्यावर प्रपंचाचा भार येऊन पडला. मातोश्री अलेक्सांद्रा दानिलोव्हना यांनी मोठ्या धैर्याने पेढी सांभाळली आणि मुलांना हाताशी धरून पुढे ती त्यांच्या स्वाधीन केली. १८५१ साली या कुटुंबाने लाव्रुशिन्स्की गल्लीत बाग असलेले एक प्रशस्त घर विकत घेतले. घराला लागूनच तोल्माची येथील संत निकोलस यांचे देवालय होते. त्याच देवालयात पावेल जन्मभर नियमाने उपासनेला जात असत.

मितभाषी, लाजाळू आणि गर्दीला बुजणाऱ्या या तरुणाला वाचनाचा व चित्रे पाहण्याचा नाद होता. १८५२ साली ते सेंट पीटर्सबर्गला गेले. तेथे त्यांनी नाटके पाहिली, संगीत ऐकले आणि राजसंग्रहातील चित्रे पाहून ते भारावून गेले. मॉस्कोस परतल्यावर सुखारेव्ह मनोऱ्यापाशी भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांच्या फेऱ्या होऊ लागल्या. १८५४ साली तेथून त्यांनी जुन्या डच चित्रकारांची म्हणून काही चित्रे घेतली. परंतु कापडाचा पोत बोटांनी पारखणाऱ्या या व्यापाऱ्याला लवकरच कळून चुकले की, जुन्या परदेशी चित्रांचा खरेखोटेपणा ठरविणे हे भल्याभल्या जाणकारांनाही साधत नाही. चित्रकार हयात असेल, त्याच्याच हातून चित्र घेता येत असेल, तर फसगतीला वाव राहत नाही. या व्यवहारी विचारातूनच ते आपल्या देशातील समकालीन चित्रकारांकडे वळले. १८५६ साली शिल्डेर आणि खुद्याकोव्ह या दोन रशियन चित्रकारांची चित्रे त्यांनी घेतली. चित्रशाळेचा आरंभ याच वर्षापासून मानला जातो.

सत्ताविसाव्या वर्षीचा संकल्प

१८६० साली पावेल प्रथमच पश्चिम युरोपच्या प्रवासास निघाले. त्या काळी लांबचा प्रवास म्हणजे परतीची शाश्वती नसे. म्हणून त्यांनी मृत्युपत्रवजा एक लेख लिहून ठेवला. त्या वेळी ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते, लग्न व्हावयाचे होते आणि संग्रहात नाव घेण्याजोगी फारच थोडी चित्रे होती. आपल्या संपत्तीतील दीड लाख रौप्य रूबल मॉस्कोमध्ये सार्वजनिक चित्रसंग्रहालय स्थापण्यासाठी खर्च व्हावेत, अशी इच्छा त्यांनी त्या लेखात नोंदविली. सेंट पीटर्सबर्गमधील प्र्यानिश्निकोव्ह यांचा रशियन चित्रांचा संग्रह विकत घेऊन त्याचा पाया घालावा, असेही सुचविले. संस्थेचा कारभार कलाप्रेमी नागरिकांच्या मंडळाने पाहावा आणि त्यात सरकारी अधिकारशाहीचा शिरकाव होऊ नये, याविषयी त्यांचा विशेष कटाक्ष होता.

या लेखामुळे त्रेत्याकोव्ह हे इतर धनिक संग्राहकांहून वेगळे ठरतात. पुष्कळ धनवान आपल्या हौसेसाठी वस्तू जमवितात आणि वृद्धापकाळी, वारस नसल्यास अथवा वारसांवर भरवसा नसल्यास, त्या संस्थेला देऊन टाकतात. त्रेत्याकोव्हांच्या बाबतीत क्रम उलटा होता. नगरीला द्यावयाचे हे आधी ठरले. काय द्यावयाचे ते नंतर जमू लागले. त्यामुळे पुढे घेतलेले प्रत्येक चित्र त्यांच्या दिवाणखान्यात लागले तरी त्यांच्या मनाने ते मॉस्कोचेच होते. चित्रकारांशी दराची घासाघीस करताना ते हेच कारण पुढे करीत. चित्र आपल्यासाठी नसून लोकांसाठी आहे, तेव्हा किंमत थोडी कमी करावी, असा त्यांचा आग्रह असे. कित्येक चित्रकार दुसरीकडे अधिक रक्कम मिळत असूनही चित्र त्यांनाच देत, कारण त्यांच्या संग्रहात चित्र जाणे याचा अर्थ ते लोकांसमोर कायम राहणे, हे सर्वांना ठाऊक झाले होते.

व्यापार आणि पारख

या कार्याला लागणारे द्रव्य कापडाच्या व्यापारातूनच येत होते. १८६६ साली त्रेत्याकोव्ह बंधूंनी भागीदारांसमवेत कोस्त्रोमा शहरी लिननची मोठी गिरणी काढली. गिरणीच्या जोडीने कामगारांसाठी दवाखाना, शाळा आदी सोयीही उभ्या राहिल्या. पावेल पहाटे उठत, पेढीचे काम सुरू होण्यापूर्वी चित्रांच्या दालनातून एक फेरी मारीत, मग दिवसभर हिशेब आणि पत्रव्यवहार पाहत. पोशाख साधा, एकाच ठरीव घाटाचा; जेवण साधे; मेजवान्यांना फाटा. आपल्यावरचा खर्च पै-पैने वाचविणारा हा गृहस्थ एखाद्या चित्रापायी मात्र हजारो रूबल मोजीत असे.

त्यांची पारख विलक्षण होती. प्रदर्शनाचा दिवस उजाडेपर्यंत ते थांबत नसत. चित्र अपुरे असतानाच चित्रकाराच्या कामाच्या जागी जात, न बोलता बराच वेळ पाहत आणि मोजक्या शब्दांत व्यवहार ठरवीत. स्वतः झार प्रदर्शनाला आले की उत्तमोत्तम चित्रे त्रेत्याकोव्हांनी आधीच घेतलेली आढळत, अशी आख्यायिका आहे. १८७० साली तरुण चित्रकारांनी एकत्र येऊन गावोगाव प्रदर्शने नेणारी एक संस्था स्थापन केली. राजधानीतील कला अकादमीच्या छत्राबाहेर पडून शेतकरी, मजूर, खेड्यातील रस्ते, बर्फ वितळतानाचा चिखल असे विषय हे चित्रकार रंगवू लागले. त्रेत्याकोव्ह त्यांचे सर्वांत मोठे आधारस्तंभ बनले. साव्रासोव्ह यांचे वसंताच्या चाहुलीचे ‘कावळे परतले’, पेरोव्ह यांची गोरगरिबांची चित्रे, सुरिकोव्ह यांची इतिहासचित्रे, रेपिन यांचे कुर्स्क प्रांतातील धार्मिक मिरवणुकीचे चित्र ही सर्व त्यांच्या घरी आली. सुरिकोव्ह यांच्या ‘बोयारीण मोरोझोव्हा’ या भव्य चित्रासाठी पंचवीस हजार रूबल देण्यात आले. त्याच वेळी नवख्यांकडेही त्यांचे लक्ष असे. लेव्हितान हे पुढे नावारूपास आलेले निसर्गचित्रकार विद्यार्थिदशेत असतानाच त्रेत्याकोव्हांनी त्यांचे चित्र शंभर रूबलांना घेतले. अन्नाला महाग असलेल्या त्या तरुणाला या खरेदीने केवढा धीर आला असेल, याची कल्पना करता येते.

आपल्या काळातील थोर व्यक्तींची चित्रे पुढील पिढ्यांसाठी काढवून घ्यावीत, ही त्यांची आणखी एक कल्पना होती. १८७२ साली पेरोव्ह यांना सेंट पीटर्सबर्गला पाठवून त्यांनी दस्तयेव्हस्की यांचे चित्र काढविले. टॉलस्टॉय मात्र चित्रासाठी बसावयास तयार नव्हते. चार वर्षे विनवण्या करण्यात गेली. अखेर १८७३ साली क्राम्स्कोय यांनी टॉलस्टॉय यांच्या गावाजवळ मुक्काम करून त्यांचे मन वळविले. एक चित्र टॉलस्टॉय यांच्या कुटुंबासाठी आणि एक त्रेत्याकोव्हांसाठी, अशी दोन चित्रे तयार झाली. संगीतकार मुसोर्गस्की यांचे रेपिन यांनी १८८१ साली काढलेले चित्र तर रुग्णालयात, त्यांच्या मृत्यूपूर्वी काही दिवस पुरे झाले. त्रेत्याकोव्हांनी ते तत्काळ घेतले. या पुरुषांच्या मुद्रा आज जगाला परिचित आहेत त्या बहुतांशी याच चित्रांमुळे होत.

भारतीय वाचकाला जवळची वाटावी अशी एक खरेदी येथे नमूद केली पाहिजे. व्हेरेश्चागिन हे चित्रकार १८७४ ते १८७६ या काळात हिंदुस्थानात हिंडले. येथील देवालये, मशिदी, राजवाडे, हिमालयाची शिखरे आणि नाना जातीजमातींची माणसे यांचे त्यांनी चित्रण केले. १८८० साली त्यांच्या चित्रांचा लिलाव झाला, तेव्हा त्रेत्याकोव्हांनी हिंदुस्थानातील अनेक चित्रे घेतली. यमुनेच्या पाण्यात प्रतिबिंबित झालेला शुभ्र ताजमहाल मॉस्कोच्या चित्रशाळेत पाहावयास मिळतो तो त्यांच्याच कृपेने.

कसोटीचे प्रसंग

देण्याची इच्छा असली तरी घेणारा सिद्ध असतोच असे नाही, याचाही अनुभव त्यांना आला. १८७४ साली व्हेरेश्चागिन यांची मध्य आशियातील युद्धाची सबंध चित्रमाला फुटू नये म्हणून त्यांनी ब्याण्णव हजार रूबल देऊन ती विकत घेतली आणि मॉस्कोच्या कलाविद्यालयाला देऊ केली. चित्रांसाठी योग्य उजेडाचे दालन बांधावे एवढीच अट होती. विद्यालयाला ते परवडेना. मग ती कलाप्रेमींच्या मंडळाला देण्यात आली. तेथेही दालन उभे राहिले नाही. शेवटी त्रेत्याकोव्हांनी चित्रे परत घेतली आणि स्वतःच्या घराला नवे दालन जोडून तेथे ती लावली. वस्तू देऊन दात्याची जबाबदारी संपत नाही. ती वस्तू नांदेल अशी जागा आणि व्यवस्थाही द्यावी लागते, हा धडा त्यांनी या प्रकरणातून घेतला.

सत्तेचा रोषही ओढवला. पुत्राचा घात करून भयाने वेडावलेल्या झार इव्हानचे रेपिन यांनी काढलेले चित्र १८८५ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा दरबारात खळबळ उडाली. ते लोकांना दाखवू नये, असा हुकूम त्रेत्याकोव्हांना आला. त्यांनी चित्र उतरवून ठेवले, परंतु हातचे जाऊ दिले नाही. काही महिन्यांनी बंदी उठली आणि चित्र पुन्हा भिंतीवर आले. गे यांनी काढलेले पिलात आणि ख्रिस्त यांच्या भेटीचे चित्र १८९० साली प्रदर्शनातून काढून टाकण्यात आले होते. आरंभी त्रेत्याकोव्हांनाही ते घ्यावेसे वाटले नाही. टॉलस्टॉय यांनी पत्र लिहून त्यांची कानउघाडणी केली आणि मग त्यांनी ते विकत घेतले. त्याच वर्षी नेस्तेरोव्ह या तरुण चित्रकाराचे, बालसंताला होणाऱ्या साक्षात्काराचे चित्र त्यांनी घेतले, त्या वेळी जुन्या मताच्या टीकाकारांनी ते परत करण्याचा आग्रह धरला; परंतु त्यांनी आपला निर्णय बदलला नाही.

त्यांच्या हातून चुकाही घडल्या. शिश्किन यांच्या ‘पाइनवनातील सकाळ’ या अतिशय लोकप्रिय चित्रातील अस्वले साव्हित्स्की यांनी काढलेली होती आणि चित्रावर दोघांच्याही सह्या होत्या. चित्राची कल्पना आणि हात शिश्किन यांचाच आहे, असे ठरवून त्रेत्याकोव्हांनी साव्हित्स्की यांची सही टर्पेंटाइनने पुसून टाकली. चार हजारांपैकी हजार रूबल साव्हित्स्की यांना मिळाले होते, परंतु नाव गेले ते गेलेच. विश्वस्त म्हणून वागणाऱ्या माणसाने या ठिकाणी मालकाचा हक्क गाजविला, असेच म्हणावे लागते.

गृहस्थाश्रम

१८६५ साली पावेल यांचा विवाह मामोन्तोव्ह या सुप्रसिद्ध व्यापारी घराण्यातील व्हेरा निकोलायेव्हना यांच्याशी झाला. त्या सुशिक्षित होत्या आणि पियानोवादनात निपुण होत्या. पतीच्या संग्रहासाठी घरातील एकेक भिंत व्यापली जात असताना त्यांनी ते समजून घेतले. १८७४ साली पावेल यांचे मेहुणे, वास्तुविशारद कामिन्स्की यांनी घराला चित्रांसाठी दोन मजली जोड बांधून दिली. पुढे १८८२, १८८५ आणि १८९२ साली दालने वाढतच गेली आणि तेवढी बाग आक्रसत गेली. १८८१ पासून कोणीही येऊन चित्रे पाहावीत अशी मुभा होती. मुलांचे खेळ, सणवार, पाहुणे आणि चित्रे पाहण्यास आलेले अनोळखी लोक हे सर्व एकाच आवारात चालत असे.

या घराला दुःखेही थोडी झाली नाहीत. थोरला मुलगा मिखाइल जन्मतःच मंदबुद्धी निघाला. धाकटा इव्हान हुशार आणि सर्वांचा लाडका होता. पेढी व चित्रशाळा दोन्ही तो सांभाळील अशी आशा होती. १८८७ साली, वयाच्या अवघ्या आठव्या वर्षी, आजारात त्याचे अकस्मात निधन झाले. आधीच अबोल असलेले पावेल त्यानंतर अधिकच अंतर्मुख झाले. मुलींवर त्यांची माया होती, परंतु शिस्त कडक होती. जावई व्यापारी घराण्यांतले असावेत असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात थोरल्या मुलीने संगीतकार वरला आणि वडिलांना आपला आग्रह सोडावा लागला. समाजाकडून जे मिळविले ते समाजोपयोगी संस्थांच्या रूपाने समाजालाच परत करावे, हा विचार तारुण्यापासून मनात असल्याचे त्यांनी १८९३ साली एका मुलीला पत्राने कळविले होते. मुलांना चांगले शिक्षण द्यावे, परंतु काम न करता जगता येईल एवढे धन त्यांच्यासाठी ठेवू नये, असे त्यांचे मत होते.

मॉस्कोतील मूकबधिर मुलांच्या शाळेशी त्यांचा संबंध १८६९ पासून मृत्यूपर्यंत होता. शाळेसाठी त्यांनी इमारत उभारून दिली, परीक्षांना ते हजर राहत आणि मुलांना नावानिशी ओळखत. या कामाचा गवगवा मात्र त्यांनी कधी होऊ दिला नाही.

नगरीला अर्पण

धाकटे बंधू सर्गेई हे स्वभावाने मनमिळाऊ, सभासमारंभांची आवड असणारे. १८७७ ते १८८१ या काळात ते मॉस्कोचे नगराध्यक्ष होते. त्यांनीही चित्रे जमविली होती, परंतु ती मुख्यतः फ्रेंच व अन्य पाश्चात्त्य चित्रकारांची. १८९२ च्या जुलैमध्ये सर्गेई यांना अकस्मात मृत्यू आला. आपला संग्रह आणि लाव्रुशिन्स्की गल्लीतील घराचा आपला अर्धा हिस्सा त्यांनी मृत्युपत्राने मॉस्को नगरीला दिला होता. भावाची इच्छा अमलात यावयाची तर उरलेला हिस्साही नगरीकडे जाणे आवश्यक होते. पावेल यांनी आपल्या पश्चात व्हावयाचे दान हयातीतच करण्याचे ठरविले. महिनाभराने, ऑगस्टच्या अखेरीस, त्यांनी नगरसभेला पत्र दिले आणि सप्टेंबरमध्ये नगरसभेने दानाचा स्वीकार केला. रशियन चित्रकारांची सुमारे बाराशे ऐंशी तैलचित्रे, सुमारे पाचशे रेखाचित्रे, काही शिल्पे आणि सर्गेई यांची पाऊणशे पाश्चात्त्य चित्रे, एवढे हे दान होते.

अटी थोड्या होत्या. संग्रह कायमचा सर्वांना विनामूल्य पाहता यावा. वर्षभर आठवड्यातून निदान चार दिवस दारे उघडी असावीत. दात्याला व त्याच्या पत्नीला हयातभर त्या घरात राहता यावे आणि दाता असेपर्यंत देखभाल त्याच्याकडे असावी. नगरसभेने त्यांना आजन्म विश्वस्त नेमले. जी चित्रे काल स्वतःच्या मालकीची होती त्यांचे ते आता नगरीच्या वतीने रखवालदार झाले. आणि त्यांच्या दिनक्रमात मात्र काडीइतकाही फरक पडला नाही. पहाटेची फेरी चालूच राहिली. नवी चित्रे ते स्वतःच्या खर्चाने घेतच राहिले आणि तीही नगरीला देत राहिले. धूळ, ओलावा, गर्दीच्या दिवसांतील धक्के यांची काळजी ते जातीने वाहत.

१८९१ साली काही चित्रांची चोरी झाल्यामुळे दालने बंद ठेवण्यात आली होती. ती १८९३ सालच्या ऑगस्टमध्ये दोन्ही बंधूंच्या नावाने नगरीची चित्रशाळा म्हणून पुन्हा उघडली. १८९४ साली या दानाच्या गौरवार्थ देशभरचे कलावंत मॉस्कोत परिषदेसाठी जमले, तेव्हा सत्काराच्या भीतीने पावेल गाव सोडून निघून गेले. झारने उमरावपद देऊ केले असता, व्यापारी म्हणून जन्मलो आणि व्यापारी म्हणूनच मरणार, या भावनेने त्यांनी ते नम्रपणे नाकारल्याचे सांगतात. मॉस्कोचे सन्माननीय नागरिकत्व मात्र त्यांनी स्वीकारले.

अखेर आणि त्यानंतर

१८९८ सालच्या डिसेंबरमध्ये, त्या काळच्या रशियन पंचांगाप्रमाणे ४ तारखेस, त्यांचे निधन झाले. चित्रशाळा जपावी, हाच निरोप त्यांनी अखेरच्या क्षणी घरच्यांना दिला. पत्नी व्हेरा निकोलायेव्हनाही काही महिन्यांतच निवर्तल्या. मृत्युपत्रात मूकबधिरांची शाळा, नोकरचाकर व कामगार आणि दिवंगत चित्रकारांच्या विधवा व मुले यांच्यासाठी तरतूद होती. त्यातून पुढे चित्रशाळेजवळच चित्रकारांच्या कुटुंबीयांसाठी निवासगृह उभे राहिले. घराच्या खोल्यांचीही दालने झाली. व्हिक्टर व्हास्नेत्सोव्ह यांच्या आराखड्याप्रमाणे जुन्या रशियन धाटणीचा दर्शनी भाग बांधण्यात आला. तोच आज चित्रशाळेची ओळख बनला आहे.

दानाचा पुढचा प्रवास सरळ झाला नाही. १९१३ साली एका मनोरुग्णाने रेपिन यांच्या इव्हानच्या चित्रावर सुऱ्याने वार केले. चित्र दुरुस्त झाले, परंतु त्याच्या रक्षणाची जबाबदारी असलेल्या ख्रुस्लोव्ह यांनी तो आघात सहन न होऊन आत्महत्या केली. राज्यक्रांतीनंतर, जून १९१८ मध्ये, चित्रशाळा राष्ट्राच्या मालकीची झाली. सर्गेई यांची पाश्चात्त्य चित्रे १९२५ साली तेथून अन्य संग्रहालयात हलविण्यात आली. १९४१ साली जर्मन फौजा मॉस्कोच्या रोखाने चालून आल्या, तेव्हा चित्रे दूर सायबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे नेऊन ठेवली गेली. पुढे ती सुखरूप परतली. शेजारचे संत निकोलस यांचे देवालय १९२९ मध्ये बंद पडले होते. १९९० नंतरच्या दशकात त्याचा जीर्णोद्धार होऊन तेथे पुन्हा उपासना सुरू झाली. पावेल यांनी आयुष्याच्या अखेरच्या दशकात जमविलेल्या साठेक प्राचीन धर्मचित्रांतून चित्रशाळेच्या या शाखेचा आरंभ झाला होता. व्लादिमीरची देवमाता हे रशियाचे परमपूज्य धर्मचित्र १९९९ मध्ये याच देवालयात आणून ठेवण्यात आले. चित्रशाळेच्या प्रांगणात एके काळी राज्यकर्त्याचा पुतळा होता. १९८० पासून तेथे पावेल त्रेत्याकोव्ह यांचा पुतळा उभा आहे. संग्रहातील वस्तूंची संख्या आता दोन लाखांच्या घरात गेली आहे.

दात्याच्या सर्व अटी काळाच्या ओघात टिकल्या असे नाही. विनामूल्य प्रवेशाची अट राहिली नाही. तेथे आज शुल्क आकारले जाते. मूळ दानपत्रात मालक म्हणून नाव होते ते नगरीचे. ती मालकीही आता राष्ट्राकडे आहे. परंतु क्रांती, युद्ध आणि राजवटींची उलथापालथ होऊनही रशियन चित्रांचा मूळ संग्रह एकाच छपराखाली राहिला आणि लाव्रुशिन्स्की गल्लीत लोकांची रीघ लागत राहिली. कापडाच्या एका व्यापाऱ्याने सत्ताविसाव्या वर्षी जे मनात धरले ते त्याच्या घरातच साकार झाले. ते घर आता त्याच्या कुटुंबाचे राहिले नसले तरी दारावरचे नाव मात्र त्याचेच आहे.